खोक्याच्या लाकडाचे बाक

आप्पा सहज बोलून गेले, त्यांच्या मनात काही नव्हते, हे मला कळते; तरीही "सागात केलं असतंस तर पुढं पोरीलाही उरलं असतं" हे त्यांचे वाक्य दुपारपासून डोक्यातून जात नाही. मी सुतारकामासाठी केलेल्या बाकाच्या पायावरचा शिक्का त्यांनी आधी बोटाने चाचपला, चष्मा वर करून वाचून पाहिला आणि मग हे बोलले. कणसाचे चिन्ह आणि शेजारी 'डीई', 'एचटी' ही अक्षरे. म्हणजे जर्मनीत गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटे तापवून कीड मारलेले पाइन. भंगाराच्या ढिगातून मी हीच अक्षरे पाहून खोक्यांच्या फळ्या निवडल्या होत्या. 'एमबी' असलेल्या, म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेल्या, तिथेच ठेवल्या होत्या. हे त्यांना सांगावेसे वाटले आणि सांगितले नाही.

या बाकावर किती संध्याकाळी गेल्या, हे कोणी विचारत नाही. यंत्रांच्या खोक्यांचे खिळे पिळाचे असतात, ते सरळ उपटत नाहीत. जोर लावला की डोके तुटून हातात येते आणि दांडी लाकडातच राहते. तशी एखादी नजरेतून सुटली तर रंध्याच्या पानाची धार गेलीच, म्हणून प्रत्येक फळीवर लोहचुंबक फिरवले. मग पट्ट्या कापून, त्या कडेवर उभ्या ठेवून एकमेकींना चिकटवल्या आणि तीन इंच जाडीचा माथा उभा राहिला. पायांच्या जोडणीत एकही स्क्रू नाही. भोके पाडून त्यांत कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ, ठोकून बसवले आहे. उंची ३४ इंच, कारण सरळ उभे राहिल्यावर माझे मनगट तिथे येते. आप्पांनी यातले काही पाहिले नाही, त्यांनी शिक्का पाहिला.

लाकडापुरते बोलायचे तर त्यांचे खरेच आहे. सागात मुळातच तेल असते, वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. पाइनला आपल्याकडच्या पावसाळ्यात जपावे लागते. हे ऐकून मला वाईट वाटले नसते. बोचले ते 'उरलं असतं'. वस्तू पुढच्या पिढीला पुरली तरच तिच्यावर घाम गाळणे सार्थकी लागते का? आप्पांनी स्वतः आयुष्यभर जमिनीवर बसून, फळी पायाच्या तळव्यांत धरून काम केले आणि त्यांची कपाटे अजून लोकांच्या घरांत आहेत. त्यांच्या गुडघ्यांविषयी आज लिहीत नाही.

पण रात्री जेवण झाल्यावर पुन्हा बाकापाशी जाऊन उभा राहिलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पोरीने परवा माथ्याच्या कोपऱ्यात, वाकडा का होईना, खिळा ठोकला आणि मी काही बोललो नाही. माथा सागाचा असता, त्यासाठी टिंबर मार्केटात तो भाव मोजलेला असता, तर तिच्या हातातली हातोडी मी काढून घेतली असती; मला स्वतःलाही त्यावर करवत टेकवण्याचा धीर झाला नसता. शिवाय बाक मऊ लाकडाचे असले की घाव बाकाला बसतो आणि वर ठेवलेले चांगले लाकूड शाबूत राहते. माथा खडबडीत झाला की रंधा मारायचा, खाली कोरे लाकूड आहेच. तीन इंच उतरवायला मला बरीच वर्षे लागतील आणि तोवर पोरगी स्वतःसाठी हवे ते लाकूड निवडायला शिकलेली असेल.

काम करताना लाकूड आवळून धरणाऱ्या शेगड्याच्या जबड्यांना मात्र पाइन चालणार नाही, आवळून-सोडून ते दबून जाईल. आप्पांच्या माळ्यावर जुन्या दाराची सागाची चौकट पडून आहे, तिच्यातला हातभर तुकडा पुरेल. शनिवारी जाऊन मागतो आणि जमल्यास त्यांच्याकडूनच तासून घेतो.