लेदर सीटला रंग का धरत नव्हता

ड्रायव्हर सीटची दाराकडची कड सगळ्यात आधी जाते, कारण चढता-उतरताना आपण रोज तिच्यावरूनच घसरतो. माझ्या सीटचा तिथला रंग उडून खालचं करडं चामडं दिसत होतं, बारीक भेगाही पडल्या होत्या. सौम्य लेदर क्लीनर आणि मऊ ब्रशने धुतलं, भेगांत फिलर भरला, पॉलिश पेपर मारला. इथवर सगळं सुरळीत. डोकं फिरवलं ते रंगाने.

पहिला हात देताच ओला रंग जागोजागी मागे सरकला आणि मोहरीएवढे गोल खड्डे उरले. मला वाटलं रंग पातळ आहे, म्हणून दुसरा हात जाड दिला. वाळल्यावर नखाने जरा उचकटला तर दुधावरची साय निघावी तसा पापुद्रा हातात आला. रंगाचा काही दोष नव्हता. सीट चमकावी म्हणून आजवर जे पॉलिश मारलं होतं, त्यातलं सिलिकॉन चामड्यात बसलं होतं. साबणाला ते दाद देत नाही आणि पाण्यातला रंग त्यावर टिकत नाही.

मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. त्याने मेण आणि हाताचं तेल गेलं, सिलिकॉन बरंचसं तिथेच. खड्डे पुन्हा पडले. शेवटी सॉल्व्हंटचं लेदर प्रेप, म्हणजे रंगाआधी चामडं साफ करायचं द्रावण, आणलं. करड्या स्कॉच-ब्राइटवर थोडं घेऊन एका वेळी वीतभर जागाच घासायची आणि ती ओली असतानाच पांढऱ्या सुती कापडाने टिपायची. दर वेळी कापडाची नवी बाजू घ्या, नाहीतर काढलेलं सिलिकॉन परत पसरतं. कापडाला सीटचा रंग लागतो, घाबरू नका. असं तीनदा केलं. दारं उघडी, हातात मोजे, जवळपास ठिणगी नको.

परीक्षा सोपी आहे: रंग उडालेल्या जागी पाण्याचा थेंब सोडा. तो मुरला पाहिजे. तिथेही अळवाच्या पानावरच्यासारखा गोल राहिला, तर अजून घासा.

खरी चूक क्रमात होती. पॉलिश पेपर आधी मारल्याने सिलिकॉन उघड्या चामड्यात आणखी रगडलं गेलं आणि फिलरही सुटून आला. आधी प्रेप, मग फिलर, मग ६०० आणि १००० नंबरचा पेपर.

पुढचं पटकन झालं. पहिला हात स्पंजने टिपत, मग चार पातळ हात, प्रत्येक हात हेअर ड्रायरच्या कोमट हवेने वाळवून. रंगाची छटा ओली असताना ठरवू नका, वाळल्यावर ती गडद होते. हेडरेस्टच्या खालच्या बाजूला नमुना लावून बघा. वरून मॅट टॉपकोट, म्हणजे रंग जपणारा शेवटचा थर. २४ तास बसायचं नाही, आठवडाभर धुवायचं नाही.

हो, एक राहिलंच. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर ज्या शिवणीतून तो फाटून बाहेर येतो तिच्यात फिलर किंवा गोंद अजिबात घालू नका. छिद्रांच्या लेदरवर क्लीनर थेट फवारू नका, ब्रशवर घ्या. आणि टॉपकोटमध्ये क्रॉसलिंकर (थर टिकाऊ करणारं रसायन) लागेल तेवढ्यातच मिसळा, मिसळलेला उरला तर फेकावा लागतो. नुसता रंग मात्र घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. ती कड पुन्हा घासली जाणारच आहे.