नारळाच्या रसातले लाल भोपळ्याचे सूप

गेल्या डिसेंबरात माझी भाची पुण्याहून आमच्याकडे म्हापशाला आठ दिवस राहायला आली होती. गेली दोन वर्षे ती दूध, दही, तूप, लोणी यांपैकी काहीच खात नाही, मधसुद्धा नाही. शुक्रवारच्या बाजारात तिने भाजीवालीकडे दुधी मागितला आणि त्या बाईने लाल भोपळ्याची सव्वा किलोची फोड कापून तिच्या पिशवीत घातली, कारण कोकणीत ‘दुदी’ म्हणजे लाल भोपळाच. दह्यातले भरीत तिला चालणार नव्हते आणि घारगे दोन दिवसांपूर्वीच झाले होते, म्हणून त्या फोडीचे सूप करायचे ठरले.

परदेशी पाककृतींत ज्याला ‘विंटर स्क्वॉश’ म्हणतात, त्यात आपला लाल भोपळाही येतो आणि हल्ली शहरांत मिळणारा बटरनटही. नावात हिवाळा असला तरी तो पिकाचा हंगाम नव्हे. वेलीवर पूर्ण पिकून साल कडक झाल्यावर काढलेले हे फळ कोरड्या, थंड जागी काही महिने टिकते आणि थंड प्रदेशांत हिवाळाभर पुरते, म्हणून ते नाव पडले. ही सगळी फळे मूळची अमेरिका खंडातली. मात्र बटरनटचा गर घट्ट असतो, तर आपल्या बाजारातल्या भोपळ्यात बहुधा पाणी आणि रेषा अधिक असतात. बटरनटसाठी लिहिलेली कृती जशीच्या तशी उचलली, की सूप पचपचीत होते आणि मग ते दाट करण्यासाठी साय किंवा मैदा घातला जातो. माझ्या मते चूक होते ती इथेच. भोपळ्यातले पाणी आधी घालवले, तर सुपाला पुरेल एवढा दाटपणा त्याच्या गरातच असतो.

त्यासाठी भोपळा उकडू नये, भाजावा. फोड घेताना गर गडद केशरी आणि घट्ट आहे का, हे पाहावे. अख्खे फळ घ्यायचे असल्यास देठ वाळलेला असावा आणि सालीत नख रुतू नये. बिया काढून सालीसकट जाड फोडी कराव्यात, त्यांना दोन चमचे खोबरेल तेल आणि मीठ चोळावे आणि ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर कडा तपकिरी होईपर्यंत, म्हणजे साधारण ४० मिनिटे, ठेवाव्यात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत, झाकण न ठेवता, मंद आचेवर फोडी उलटसुलट करत भाजाव्यात. वेळ अधिक लागतो, पण चवीत फारसे उणे राहत नाही. भाजलेला गर चमच्याने सहज निघतो, त्यामुळे कच्च्या भोपळ्याची साल सोलण्याचे कष्टही वाचतात.

दुसरे महत्त्वाचे काम नारळाचे. एक नारळ खवून त्यात पाऊण वाटी कोमट पाणी घालून वाटावा आणि पिळून पहिला, घट्ट रस वेगळा ठेवावा. मग त्याच चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून दुसरा, पातळ रस काढावा. आमच्याकडे माशाच्या हुमणापासून सोलकढीपर्यंत सगळीकडे नारळच असल्याने दुधासायीवाचून स्वयंपाक करणे हा गोव्याच्या घरांत नवा प्रयोग नाही. तरीही पहिल्या दिवशी मी घाईने दोन्ही रस एकत्र घालून सूप खळाखळा उकळले आणि ते फुटले. वर तेल तरंगले आणि खाली दाणेदार साका उरला. नारळाच्या रसातली प्रथिने ८० अंशांच्या आसपास गोठू लागतात आणि त्यांनी धरून ठेवलेली चरबी सुटते. म्हणून पातळ रस शिजवण्यासाठी वापरावा आणि घट्ट रस आच बंद केल्यावर, सूप थोडे निवले की घालावा.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या भोपळ्याचे सूप मी असे केले. एक कांदा, चार लसूण पाकळ्या आणि बोटभर आले थोड्या खोबरेल तेलात मऊ होईपर्यंत परतले, त्यात भाजलेला गर आणि पातळ रस घालून दहा मिनिटे मंद आचेवर ठेवले आणि निवल्यावर मिक्सरमधून काढले. गर रेषाळ होता, म्हणून तो चाळणीतूनही गाळला. पुन्हा गरम करताना त्यात चार तिरफळे ठेचून टाकली. तिरफळाची काळी बी काढून टाकायची असते. वास आणि जिभेवरची ती झिणझिण सालीत असते. खतखते या आमच्या मिश्र भाजीत भोपळा आणि तिरफळ एकत्र येतातच, त्यामुळे जायफळ किंवा दालचिनी शोधण्यापेक्षा मला हेच योग्य वाटले. वाढण्यापूर्वी ती तिरफळे आठवणीने काढून घ्यावीत.

आंबटपणाबद्दल मी बराच विचार केला. आमसुलांनी सुपाचा केशरी रंग मळकट होतो आणि पातेल्यात आंबट पडले तर नारळाचा रस फाटण्याची भीतीही असते. शेवटी लिंबाची फोड ताटातच ठेवली. भोपळा फार गोड निघाला तर लिंबू हवेच. तो फिका असेल तर माडाच्या गुळाचा सुपारीएवढा खडा पुरतो. साखर घालून ती गोडी येत नाही.

काढलेल्या बिया मी धुऊन उन्हात वाळवल्या होत्या. त्या मिठासह तव्यावर खमंग भाजून सुपावर घातल्या. बरोबर पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, सकाळची पोई (गोव्याचा पाव) होती. त्यात दूध किंवा लोणी नाही, याची मात्र त्याला विचारून खात्री करून घेतली. घट्ट रसामुळे आणखी एक गोष्ट साधते: भोपळ्याला केशरी रंग देणारे बीटा-कॅरोटिन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, ते स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषले जाते.

एवढ्यात चौघांचे भागते. उरलेले सूप फ्रीजमध्ये ठेवले की वर पांढरा थर गोठतो. तो काढून टाकू नये, कारण तो नारळाचाच स्नेह आहे. मंद आचेवर ढवळत राहिले, की तो पुन्हा सुपात मिसळतो.