तफकीद आणि तेरा आठवड्यांची वही

माणसाच्या वाट्याला आलेल्या कामाला हिब्रूत 'तफकीद' म्हणतात. आजच्या इस्रायलमध्ये हाच शब्द नाटकातल्या भूमिकेला आणि ऑफिसातल्या पदालाही चालतो. त्याचं मूळ प-क-द या तीन अक्षरांचं. त्याच मुळातून 'पिक्कादोन' येतो, म्हणजे कुणीतरी विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव. रात्री झोपताना म्हणतात ती 'तुझ्या हाती मी माझा प्राण सोपवतो' ही ३१व्या स्तोत्रातली ओळही याच क्रियापदाची. म्हणून 'तफकीद'चं भाषांतर 'आयुष्याचं ध्येय' असं केलं की निम्मा अर्थ गळतो. ध्येय आपलं आपण ठरवतो. ठेव दुसऱ्याची असते आणि तिचा हिशेब द्यावा लागतो.

प्रत्येक माणूस एकमेव आहे, हे मिश्नात, म्हणजे यहुदी कायद्याच्या जुन्या संग्रहात, सांगितलंय ते चक्क कोर्टाच्या कामकाजात. सान्हेद्रिन ४:५ मध्ये देहदंडाच्या खटल्यातल्या साक्षीदारांना कसं बजावायचं ते दिलं आहे. पैशाच्या दाव्यात खोटी साक्ष दिली तर भरपाई करून सुटता येतं. इथे मात्र त्या माणसाचं आणि त्याच्या पुढे होऊ शकणाऱ्या सगळ्या वंशाचं रक्त तुमच्या माथी येईल. मग टाकसाळीचा दाखला येतो. माणूस एका ठशाने कितीतरी नाणी पाडतो आणि ती सगळी सारखी निघतात. देवाने प्रत्येकाला आदामाच्याच ठशाने पाडलं, तरी एकही दुसऱ्यासारखा निघाला नाही. म्हणून प्रत्येकाने म्हणायला हवं की माझ्यासाठी हे जग निर्माण झालं. हल्ली हे वाक्य आत्मविश्वासाचा डोस म्हणून वापरतात, पण मुळात तो साक्षीदाराला दिलेला दम आहे. या वाक्याची नशा चढू नये म्हणून पोलंडमधले हसिदी (भक्तिमार्गी यहुदी) गुरू सिम्खा बुनिम (१७६५–१८२७) सांगत, की एका खिशात ही चिठ्ठी ठेवा आणि दुसऱ्या खिशात अब्राहामचे शब्द, 'मी धूळ आणि राख आहे'. ज्या वेळी जी लागेल ती काढून वाचा.

आता खरा प्रश्न. माझं काम कोणतं, हे मला कळणार कसं?

सगळ्यात रोखठोक उत्तर विल्नाच्या गाओनचं, म्हणजे विल्ना शहरातल्या थोर यहुदी पंडिताचं (१७२०–१७९७). बायबलमधल्या योनाच्या पुस्तकावरच्या भाष्यात त्याने दोन खुणा दिल्या आहेत. ज्या चुकीवर तू पुन्हा पुन्हा ठेचकाळतोस ती एक, आणि ज्या चुकीकडे जीव फार ओढ घेतो ती दुसरी. मागच्या जन्मात बिघडवलेलं दुरुस्त करायला आत्मा परत येतो, हे गृहीत त्यामागे आहे. गालीलमधल्या सफेद या गावात राहिलेल्या गूढवादी इसाक लुरियाच्या (१५३४–१५७२) शिष्यांनी ते सविस्तर मांडलं होतं. पुनर्जन्माची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही, पण इथे तिचा रोख वेगळा आहे. मागचं फळ भोगण्यापेक्षा अर्धवट राहिलेलं काम पुरं करण्यावर भर आहे. आणि पुनर्जन्म बाजूला ठेवला तरी या खुणा उपयोगी पडतात. 'मला काय छान जमतं' इथून सुरुवात केली की माणूस बहुधा स्वतःचं कौतुक करत बसतो. 'मी कुठे नेहमी पडतो' या प्रश्नाला तशी सोय नाही.

यात एक हमखास घोळ होतो. ओढ म्हणजेच परवाना, असं समजलं जातं. मिश्नावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ म्हणजे तालमूद. त्यात (शब्बात १५६अ) यावर एक झकास चर्चा आहे. मंगळाच्या प्रभावाखाली जन्मलेला माणूस रक्त सांडणारा होतो, असं तिथे म्हटलंय. त्यावर रव आशी हा पंडित म्हणतो, हो, म्हणजे एकतर शिरेतून रक्त काढणारा वैदू, नाहीतर दरोडेखोर, नाहीतर खाटीक, नाहीतर सुंता करणारा मोहेल. ओढ एकच, पण तिला वाटा चार. त्यातली एक गुन्ह्याची, तर एक थेट धर्मकार्याची. (राब्बा हा दुसरा पंडित मध्येच म्हणतो, 'मीही मंगळाचाच, मग?' त्यावर अबाये हा तिसरा त्याला ऐकवतो, 'तुम्हीही शिक्षा देता आणि मारता की!') थोडक्यात, स्वभाव म्हणजे कच्चा माल. त्याचं काय करायचं, ते ठरवणं शिल्लक राहतं.

ठरवण्यासाठी नोंद लागते. यहुदी परंपरेत तिला 'खेश्बोन हानेफेश' म्हणजे आत्म्याचा जमाखर्च म्हणतात. सातानोवच्या मेनाखेम मेंडेल लेफिनने १८०८ साली याच नावाचं पुस्तक काढलं आणि या जमाखर्चाला वहीचं रूप दिलं. पद्धत बेंजामिन फ्रँकलिनची, भाषा आणि मांडणी यहुदी. पुढे स्वभाव घडवण्यावर भर देणाऱ्या मुसार चळवळीचे प्रवर्तक इस्रायल सालांतर यांच्या प्रोत्साहनाने ते पुन्हा छापलं गेलं.

वही अशी आखायची: डाव्या बाजूला तेरा गुण एकाखाली एक, वर आठवड्याचे सात वार. लेफिनच्या यादीत मनाची स्थिरता, सोशिकपणा, टापटीप, निर्धार, स्वच्छता, नम्रता, न्याय, काटकसर, तत्परता, मौन, सौम्यपणा, सत्य आणि संयम असे गुण आहेत. एका आठवड्यात एकाच गुणाकडे मुख्य लक्ष द्यायचं. तेरा आठवड्यांनी फेरी पुरी होते आणि वर्षात अशा चार, म्हणजे बावन्न आठवडे. प्रत्येक गुणाला एक छोटं वाक्य दिलेलं आहे, ते सकाळी म्हणायचं. टापटिपीचं साधारण असं: प्रत्येक वस्तू तिच्या ठरल्या जागी, प्रत्येक काम त्याच्या ठरल्या वेळी, आणि मन समोर असलेल्या कामासाठी मोकळं. रात्री जितक्या वेळा चूक झाली तितक्या खुणा त्या वाराच्या चौकोनात. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहिणं वर्ज्य, म्हणून शनिवारचा चौकोन हावदाला (शब्बाथला निरोप देण्याचा विधी) झाल्यावर, अंधार पडल्यावर भरायचा.

वही बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. गुण मोजता येत नाही. 'राग कमी करणे' असं लिहिलं की रात्री खुणा किती करायच्या तेच कळत नाही. 'मुलाचं वाक्य पुरं होण्याआधी आवाज चढवला' हे मोजता येतं. दुसरी गफलत म्हणजे तेरांपैकी आधीच जमलेले चार-पाच गुण निवडून कोरे चौकोन मिरवणं. यादी लेफिनचीच हवी असं नाही, पण ज्या रांगेत खुणा दाटून येतात ती रांग वगळायची नाही. दोन-तीन फेऱ्या झाल्या की एखादी रांग बाकीच्यांपेक्षा उघडच काळी दिसते. गाओनची पहिली खूण कागदावर अशी उमटते. आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात वही सुटली तर पहिल्या पानावर परत जायचं नाही, जिथे सुटली तिथून पुढे चालायचं. नाहीतर पहिले तीन गुण पाठ होतात आणि बाकीच्या दहांची गाठच पडत नाही.

दुसऱ्याची वही उतरवणं ही आणखी एक फसगत. हानिपोलच्या झुस्या या गुरूचं बोलणं यासाठीच सांगतात: परलोकात मला 'तू मोशे का झाला नाहीस' असं विचारणार नाहीत, 'तू झुस्या का झाला नाहीस' असं विचारतील. फार वापरून गुळगुळीत झालेलं वाक्य आहे, पण दुसरं इतकं नेमकं सापडत नाही.

वर्षाचा मोठा हिशेब एलूल या यहुदी महिन्यात सुरू होतो आणि योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, संपतो. कोकणातले बेने इस्रायली या दिवसाला पूर्वी 'दारफाळणीचा सण' म्हणत, कारण दारं लावून घेऊन दिवसभर आत उपास करायचा. त्या दिवशीच्या उभ्याने म्हणायच्या प्रार्थनेत तालमूदमधून (बेराखोत १७अ) आलेली एक ओळ आहे: 'माझ्या देवा, मी घडलो नव्हतो तोवर मी लायक नव्हतो, आणि आता घडलो आहे तर जणू घडलोच नाही.' नेहमीचा अर्थ नम्रतेचा. रब्बी अब्राहाम इसाक कूक (१८६५–१९३५) तो वेगळा लावतात. घडलो नव्हतो तोवर जगाला माझी गरज नव्हती, असती तर आधीच जन्मलो असतो. आत्ता जन्मलो, म्हणजे आत्ताचं काहीतरी माझ्यावाचून अडलं आहे. ते केलं नाही, तर जणू घडलोच नाही.

ही ओळ कुठे येते तेही पाहण्यासारखं आहे. तिच्याआधी छातीवर मूठ मारत पापांची लांबलचक यादी म्हणतात. ती सगळी अनेकवचनात असते, 'आम्ही हे केलं, आम्ही ते केलं'. यादी संपते आणि ही ओळ लगेच 'मी'वर येते.