अबोल पाहुण्याचं पुणे

पुण्याबद्दल बाहेर जे जे वाईट बोललं जातं, ते बहुतेक सगळं अबोल माणसाच्या पथ्यावर पडणारं आहे. दुकानदार हसत नाही, कुठून आलात विचारत नाही, आणखी चार प्रकार काढून दाखवत नाही. मागितलेली वस्तू काउंटरवर ठेवतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलायची तर ज्याला आधी मनात तालीम करावी लागते, त्याला याहून जास्त काय हवं? त्यात शहरभर पाट्या. चप्पल कुठे काढायची, गाडी कुठे लावायची नाही, बेल किती वेळा वाजवायची, सुटे नसले तर काय होईल, हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं. लोक त्यांचे फोटो काढून हसतात. लाजऱ्या पाहुण्याने त्या नीट वाचाव्यात, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

पहिली परीक्षा पुणे स्टेशनच्या दाराशी. "कुठे जायचंय?" म्हणत रिक्षावाले पुढे येतात आणि एकदा उत्तर दिलं की संभाषण सुरू झालं. तेव्हा थेट शेजारच्या मेट्रो स्थानकाकडे वळावं. तिकीट फोनवर किंवा यंत्रावर निघतं, तोंड उघडावं लागत नाही. पाहुण्याच्या कामाच्या मार्गिका दोन, वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट, आणि दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकात भेटतात. पहिली पुलावरून जाते, दुसरी तिथे जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर. त्यामुळे गाडी बदलायला एकामागून एक सरकते जिने उतरावे लागतात. त्यासाठी सात-आठ मिनिटं हाताशी ठेवावीत, नाहीतर घाईत चुकीच्या फलाटावर जाऊन कुणाला तरी विचारायची पाळी येते.

रिक्षा करावीच लागली तर बसण्याआधी एकच शब्द: "मीटरने?" मान हलली तर बसावं, नाही तर पुढची बघावी. अ‍ॅपवरून बोलावलेल्या रिक्षातही भाडं अ‍ॅपचं की मीटरचं हे बसण्याआधीच ठरवावं. उतरताना वाद घालणं बोलक्या माणसालाही जड जातं. पीएमपीच्या बसमध्ये कंडक्टरकडे दिवसभराचा पास मिळतो. सकाळी एकदा "पास" म्हटलं की संध्याकाळपर्यंत थांब्यांची नावं उच्चारायला नकोत. ओळखपत्र आणि सुटे पैसे मात्र हातात ठेवावेत.

दुपारी एक ते चारच्या पुण्यावर आजवर पुष्कळ विनोद झाले. आता बरीच दुकानं उघडी असतात, पण पेठांमधली ती पेंग अजून पुरती उडालेली नाही, आणि पाहुण्याने हिंडायचं ते याच वेळी. मंडई स्थानकावर उतरून चालत राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं. वीस हजारांवर वस्तूंपैकी अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या आहेत, आणि एवढ्याही पुरून उरतात. तलवारी सगळ्याच संग्रहालयांत असतात. इथे एका माणसाने अडकित्ते, दौती, दिवे, पाय घासायच्या वज्र्या अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि संग्रहाला आपल्या अकाली गेलेल्या मुलाचं नाव दिलं. एकेका अडकित्त्यापाशी पाच मिनिटं उभं राहिलं तरी कुणी हटकत नाही. शाळेची सहल आली तर मात्र सारा मजला दणाणतो. तेव्हा सरळ वरच्या मजल्यावर जावं, सहल तिथे पोचेपर्यंत खालचा मोकळा होतो.

जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वर लेणी सगळ्यांना माहीत असतात. राष्ट्रकूट काळातली, आठव्या शतकातली, एका पाषाणात खोदलेली, अर्धवट राहिलेली; बाहेरचा नंदीचा मंडप गोल, छत्रीसारखा. रस्त्यावर हॉर्न वाजत असतात आणि चार पायऱ्या खाली गारवा असतो. त्यापेक्षा आमचा कल सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीकडे. अठराव्या शतकातलं हे देऊळ घरांच्या गर्दीत असं दडलंय की पुणेकरही शोधत येतात. मूर्ती मोरावर बसलेली, तीन सोंडांची. दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडाही कोरलेला आहे, तो बघितल्याशिवाय परतू नये. दगडूशेठला जितकी माणसं एका मिनिटात दिसतात, तितकी इथे अख्ख्या दुपारी येत नसावीत.

खाण्यात धोके दोन. पहिला थाळीचा. वाढपी आग्रहाने वाढतो, आणि "नको" हळू आवाजात म्हटलं तर ते त्याला ऐकूच येत नाही. पळी ताटावर आल्यावर नव्हे, वाढपी शेजारच्या टेबलाशी असतानाच हात आडवा धरावा. पोळी अर्धी हवी असेल तर बोटाने खूण करावी, ती चालते. दुसरा धोका मिसळीचा. जुन्या ठिकाणी टेबल वाटून घ्यावं लागतं. एकट्या माणसाला तिघांच्या कुटुंबासमोर बसवतात आणि रस्सा संपला की नवा रस्सा मोठ्याने मागावा लागतो. कामाच्या दिवशी नाश्त्याची गर्दी ओसरल्यावर, अकराच्या पुढे गेलं तर भिंतीकडची जागा मिळते. फर्ग्युसन रस्त्यावरची प्रसिद्ध हॉटेलं रविवारी सकाळी टाळावीत, तिथे डोशापेक्षा ओळखीपाळखी जास्त खपतात. चहाला अमृततुल्यच बरं. "एक" म्हणायचं, उभ्याने प्यायचा, निघायचं.

संध्याकाळी नाटक. एकट्याने जायला यासारखी जागा नाही, कारण अंधार झाला की गप्प बसणं हाच शिष्टाचार ठरतो. बालगंधर्वला किंवा भरत नाट्यला जोडीच्या खुर्च्या भराभर जातात आणि मधेमधे एकेकटी खुर्ची उरते, तीही पुष्कळदा पुढच्या रांगांत. कडेची मिळाली तर सोनं: मध्यंतरात कुणाचे गुडघे न ओलांडता बाहेर पडता येतं. बटाटेवड्याच्या रांगेत "कसं वाटलं?" हा प्रश्न येईलच. "दुसरा अंक बघू" एवढं उत्तर पुरतं.

वेताळ टेकडीवर मात्र वेळ चुकली की एकांत गेला. पहाटे नियमित फिरणाऱ्यांचे गट असतात, त्यांना नवा चेहरा लगेच कळतो. रविवारी तर जत्राच. आठवड्यात मधल्या वारी, सकाळी साडेआठनंतर, गट उतरत असताना आपण चढावं. वर पाणी मिळत नाही, एक लिटर तरी न्यावं. उन्हाळ्यात ही वेळ जमायची नाही. आणि दिवेलागणीपूर्वी खाली यावं. टेकड्यांवर अंधारात लुटालुटीचे प्रकार झालेले आहेत.

गणपतीच्या दहा दिवसांत अशा पाहुण्याने पुण्यात येऊच नये. विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते आणि पेठेतल्या खोलीची खिडकी कितीही लावली तरी ढोल आत येतो.

पत्ता विचारायचीच वेळ आली तर कट्ट्यावरच्या आजोबांना विचारू नये. कुणाकडे जायचंय, तुम्ही मूळचे कुठले, असं करत ते सोबत चालू लागतात. इस्त्रीवाल्याला विचारावं. त्याचे हात अडकलेले असतात, तो मानेनेच दिशा दाखवतो.