आमची वाटचाल: पत्र्याच्या ठिगळापासून पार्ट नंबरच्या बिलापर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं वर्कशॉप सुरू झालं ते रेडिएटर आणि सायलेन्सर या दोन कामांवर. गाड्या म्हणजे अँबॅसिडर, पद्मिनी, जीप आणि मारुती ८००. सायलेन्सर साध्या लोखंडी पत्र्याचे. डब्याला भोक पडलं की वर पत्र्याचं ठिगळ, गॅसने पितळेची भर, त्यावर ॲल्युमिनियम पेंट, आणि गाडी पुढच्या पावसाळ्यापर्यंत मोकळी. प्लॅस्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर आले तसं ते काम आटलं. सायलेन्सरचं राहिलं, पण आज त्यात वेल्डिंग कमी आणि मोजणी, तपासणी, लिखापढी जास्त. गाडी आमच्याकडे आणा नाहीतर दुसरीकडे द्या, कामाची रीत माहीत असलेली बरी, म्हणून इथे ती सविस्तर लिहितो.

१ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट), म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, सक्तीचा झाला. २००० साली शिसेविरहित पेट्रोल देशभर आलं. २०१७ मध्ये बीएस-४ (गाडीच्या धुराच्या प्रदूषणाचं मानक) आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ सगळीकडे लागू झालं. या प्रवासात सायलेन्सर हा नुसता आवाज दाबणारा डबा राहिला नाही. आजच्या पेट्रोल गाडीत कॅट बहुतेक इंजिनाला चिकटूनच असतो, त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे धुरातला ऑक्सिजन मोजणारे दोन सेन्सर (ऑक्सिजन सेन्सर) बसतात. पुढच्या सेन्सरच्या आधी पाइपला बारीक फट पडली, तर धुराच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, इसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल वाढवतो, ॲव्हरेज घसरतं आणि कॅट जास्त तापतो. अशा ठिकाणी ठिगळ आम्ही लावत नाही, कारण ठिगळाखालची फट दिसत नाही, फक्त पेट्रोल पीत राहते.

सायलेन्सर सहसा आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन आणि पाइप नीट तापले तर ते वाफ होऊन जातं. रंकाळ्यापासून स्टेशन रोडपर्यंत अशा गावातल्या छोट्या फेऱ्यांत मागचा डबा तापतच नाही. पाणी आत साचतं, त्यात धुरातली आम्लं मिसळतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून पुढचा पाइप ठणठणीत आणि मागचा डबा चाळणी, हे दृश्य नेहमीचं. सीएनजी गाड्यांत हे लवकर होतं, कारण किलोभर मिथेन जळला की सव्वादोन किलोच्या आसपास पाणी निघतं. डब्याच्या तळाला कंपनीने दोन-तीन मिमीचं छिद्र ठेवलेलं असतं, ते पाणी जाण्यासाठीच. बरेच जण ते लीक समजून बुजवतात आणि वर्षभरात डबा घालवतात. रत्नागिरी, मालवणकडून घाट चढून येणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी: तिथे खारा वारा बाहेरून काम करतो आणि आधी फ्लँज (पाइप जोडायच्या चकत्या), बोल्ट, हँगरच्या म्हणजे डबा टांगायच्या सळ्या जातात.

तपासणी थंड गाडीवर. गाडी लिफ्टवर घेतली की हातोडीच्या दांड्याने डबा, वेल्डच्या कडा आणि पाइपची वळणं ठोकतो. आवाज बसका आला की पत्रा पातळ झालाय. मग इंजिन सुरू करून जाड कापडाने शेपटीचं, म्हणजे धूर बाहेर पडणाऱ्या मागच्या पाइपचं, तोंड दोन-तीन सेकंद दाबायचं. फुसफुस कुठून येते ते थंड असताना चांगलं कळतं, कारण तापल्यावर पाइप वाढतो आणि बारीक फटी मिटतात. साबणाच्या पाण्याने जागा पक्की होते. जोडाशेजारी काळी काजळी दिसली तर तिथे जुनी गळती आहे.

गाडी चढाला ओढत नाही अशी तक्रार असेल तर डब्यावर बोट ठेवण्याआधी कॅट तपासतो. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायचा. आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन हळू चालू असताना, दीड पीएसआयच्या (दाबाचं माप) खाली आणि २५०० आरपीएमला तीनच्या खाली दाब असेल तर वाट मोकळी आहे. जास्त असेल तर कॅट आतून वितळलाय किंवा त्याचा तुकडा अडकलाय. तसं होण्यामागे जवळपास नेहमी मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) किंवा ऑइल जळणं असतं. प्लग-कॉइल न पाहता नवा कॅट बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. स्कॅनरवर पी०४२० हा कॅटच्या बिघाडाचा कोड आला म्हणजे कॅट गेलाच असंही नाही. पुढे गळती असली तरी तो येतो, त्यामुळे आधी गळती, मग सेन्सर, शेवटी कॅट.

आता आवाज. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ‘डबा कुठलाही चालतो, फक्त तोंड जुळलं पाहिजे’ हा त्यातला मुख्य. डब्याच्या आतल्या खोल्या, भोकांच्या नळ्या आणि एकूण आकारमान हे त्या इंजिनाच्या ठरावीक कंपनांसाठी बेतलेलं असतं. चार सिलिंडरच्या इंजिनात २४०० आरपीएमला सेकंदाला ८० धक्के पडतात, तीन सिलिंडरच्या इंजिनात ६०. छोट्या हॅचबॅकपैकी बऱ्याच तीन सिलिंडरच्या आहेत. त्यांना चार सिलिंडरसाठीचा डबा लावला की बाहेरून गाडी ठीक वाटते आणि आत ६०-७० च्या वेगाला कानात घुमायला लागतं. पुणे-बंगळूर रस्त्यावर दोन तास बसल्यावर डोकं धरतं. मधला छोटा डबा, म्हणजे रेझोनेटर, काढून तिथे सरळ पाइप घातला तरी हेच होतं. तो डबा ‘एक्स्ट्रा’ नसतो, घुमणं दाबण्यासाठीच तिथे ठेवलेला असतो.

पाइपचा व्यासही आम्ही जुन्याइतकाच ठेवतो. लहान पेट्रोल गाडीला मोठा पाइप घातल्याने ताकद वाढत नाही. आवाज मात्र वाढतो. पत्रा मूळ ४०९ प्रतीचा स्टेनलेस असेल तर ४०९, नाहीतर ॲल्युमिनाइज्ड (ॲल्युमिनियमचा थर दिलेला). ४०९ मध्ये क्रोमियम साधारण अकरा टक्के असतं आणि त्याला चुंबक चिकटतं. चुंबक चिकटलं म्हणून ‘हे स्टेनलेस नाही’ असं ठरवू नका. पाण्याच्या जीआय (जस्त चढवलेल्या) पाइपचे तुकडे वापरणारे अजून आहेत. वेल्डिंगच्या वेळी त्याच्या जस्ताचा धूर कारागिराला ताप आणतो आणि भिंत जाड असल्याने वजन हँगर तोडतं. काचतंतूचं पॅकिंग असलेले स्वस्त डबे पहिले काही महिने कंपनीपेक्षाही शांत वाटतात. मग तंतू जळून शेपटीतून उडून जातात आणि पोकळ डबा राहतो. नवा डबा घेताना वजन जुन्या, न सडलेल्या कंपनीच्या डब्याशी ताडून पाहा. बराच हलका असेल तर आतल्या भिंती कमी केल्यात.

बसवताना आम्ही एका गोष्टीवर अडून बसतो: डबा टांगणारे सगळे रबर नवे. जुनं रबर लांबलेलं असतं, त्यामुळे नवा डबा खाली लोंबतो आणि पहिल्याच गतिरोधकाला घासतो. कडक रबर घातलं तर पाइपचा थरथराट फ्लोअरमध्ये उतरतो आणि ग्राहक सायलेन्सरला दोष देतो. पाइप तापल्यावर लांबीत वाढतो, हेही धरावं लागतं. लोखंडाचा मीटरभर पाइप १०० अंशांनी तापला की सुमारे १.२ मिमी वाढतो. अडीच मीटरची लाइन सरासरी ३०० अंशांनी तापली तर नऊ मिमी. म्हणून थंड असताना पाइप आणि बॉडी यांत २० ते २५ मिमी जागा चारी बाजूंनी हवी. इंधनाच्या नळीपासून तर ३५ मिमीच्या आत एक्झॉस्ट येताच कामा नये. मूळ हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) खडखडते म्हणून काढून टाकू नका. फाटलेल्या बोल्टच्या भोकाला मोठा वॉशर लावला की ती बसते.

स्प्रिंग लावलेल्या बोल्टचा जोड असेल तर मधली रिंग गॅसकेट नवीच. बोल्ट खांद्यापर्यंत आवळायचा आणि थांबायचं. तिथे स्प्रिंग काढून साधा नटबोल्ट टाकला तर जोड हलत नाही, इंजिनाचा हेलकावा मॅनिफोल्डवर (इंजिनाला लागून असलेल्या धुराच्या नळ्यांवर) येतो आणि काही महिन्यांत तिथे तडा. जाळीचा लवचिक बेलो (पाइपमधला वाकणारा तुकडा) फाटला असेल तर आधी इंजिन माउंटिंग (इंजिन ज्या रबरांवर बसतं ती) पाहा. माउंटिंग बसलेलं असेल तर नवा बेलोही टिकत नाही. ऑक्सिजन सेन्सर पुन्हा बसवताना ४० ते ४५ न्यूटन मीटरने आवळायचा, आट्यांना अँटिसीझ (ते जाम होऊ न देणारं वंगण), पण टोकाला लागू द्यायचं नाही. सिलिकॉनची सीलंट पेस्ट सेन्सरच्या आधी कुठेही नाही, तिने सेन्सर खराब होतो. सायलेन्सर पेस्ट कॅटच्या मागच्या जोडाला चालते, आधी नाही. सुकलेले तुकडे थेट कॅटच्या जाळीवर जाऊन बसतात.

वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढून, अर्थ वेल्डच्या शेजारी लावून. सीएनजी गाडीचा सिलिंडर व्हॉल्व्ह आधी बंद. टाकीजवळ अग्निशामक आणि ओलं पोतं. पाइप गाडीवर जागेवर धरून नुसते टाके मारायचे, मग लाइन खाली उतरवून पूर्ण वेल्ड करायचा. वर जागेवर वेल्ड केलेला जोड बघायला वरून सुंदर असतो आणि मागच्या बाजूला अर्धा उघडा. काम झाल्यावर पुन्हा कापडाची चाचणी, दहा-बारा किलोमीटर चालवून बोल्ट तपासणं, आणि पीयूसी. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएम ही मर्यादा आहे. मागचा जोड गळत असेल तर हवा मिसळून आकडे खोटेच चांगले दिसतात, म्हणून चाचणी गळती बंद केल्यावरच. मागच्या गळतीने ॲव्हरेज बिघडत नाही, पण डिकीच्या रबरातून धूर आत येऊ शकतो. मोनॉक्साइडला वास नसतो.

‘जरा दणका येऊ दे’ म्हणणारे ग्राहक येतात. आम्ही नकार देतो. नव्या कारच्या मंजुरीच्या चाचणीत आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. पोकळ डबा लावलेली गाडी त्या मंजूर नमुन्यासारखी राहत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आवाज आणि प्रदूषणाच्या उल्लंघनाला पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड सांगतं, आणि परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकावर कलम १८२ए वेगळं आहे. बुलेटचे सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत; कारवाले समजतात ते आपल्यासाठी नाही. कॅट काढून रिकामा डबा लावणं तर आमच्या दारात विषयच नाही.

विम्याचा प्रश्न दोन ठिकाणी येतो. पहिला, खर्च मिळेल का? गंजून गेलेला सायलेन्सर ही झीज आहे, पॉलिसी झीज भरून देत नाही. दगड किंवा दुभाजकावर आदळून फुटला तर तो अपघात, दावा होऊ शकतो. पण आकडेमोड करून बघा. समजा सहा वर्षांच्या १२०० सीसी गाडीचा डबा चार हजार, मजुरी एक हजार. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागावर ४० टक्के घसारा, म्हणजे डब्याचे २४०० मिळतील. मजुरी धरून ३४००, त्यातून १५०० सीसीपर्यंतची सक्तीची वजावट एक हजार. हातात २४००. त्यासाठी नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जातो, आणि तो ५० टक्क्यांवर पोहोचलेला असेल तर पुढच्या प्रीमियममध्ये याहून जास्त जाऊ शकतात. खालून इंजिन ऑइलची टाकीही फुटली असेल तर गणित वेगळं, तेव्हा गाडी न हलवता आधी कंपनीला कळवा.

दुसरा प्रश्न, आजचा बदल उद्याच्या दाव्यात आडवा येईल का? तशाच नमुन्याचा भाग बसवला तर तो बदल नाही, दुरुस्ती आहे. अडचण होते ती कागद नसल्याने. विम्याच्या सर्वेअरला (नुकसान तपासायला येणाऱ्याला) गाडीखाली अनोळखी डबा दिसला की प्रश्न सुरू होतात, आणि सायलेन्सरचा अपघाताशी संबंध नसला तरी पत्रव्यवहारात महिने जातात. म्हणून आमच्या बिलावर गाडीचा चेसिस नंबर, भागाचा पार्ट नंबर, ‘मूळ व्यास व मूळ नमुन्यानुसार बदली’ अशी ओळ, किलोमीटर आणि तारीख असते. जुना डबा ग्राहकाला दाखवून फोटो काढतो. कॅट बदलला तर जुना ग्राहकाच्या ताब्यात देतो. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं, भंगारात त्याची किंमत मिळते. पीयूसी नसेल तर दावाच मिळत नाही, अशी समजूत पसरली होती. २०२० मध्ये विमा नियामकानेच तसं नसल्याचं स्पष्ट केलं. तरी पीयूसी ठेवा, दंड वेगळा लागतो.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर या कामात एक भर पडली. पंचगंगेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत शेपटीतून गाळ डब्यात आणि कधी कॅटपर्यंत जातो. अशी गाडी चावी फिरवून बघायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना क्रँक केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट हे विम्याचं जादा कव्हर नसेल तर ते नुकसान विमा कंपनी ‘परिणामी नुकसान’ म्हणून बाजूला काढते. फोटो, कंपनीला फोन, मग टोइंग. आमच्याकडे आल्यावर प्लग काढून इंजिन हाताने फिरवतो, लाइन मागच्या फ्लँजपासून सोडून डबे उभे करून पाणी काढतो. गाळ वाळून डब्यात दगड झाला असेल तर धुण्यात वेळ घालवत नाही, डबा बदलतो. कॅट मात्र लाइनमधून काढून, प्रकाश धरून जाळी मोकळी आहे का ते पाहूनच ठरवतो.

गाडी आणण्याआधी आरसीचा फोटो, मॉडेलचं वर्ष, पेट्रोल की सीएनजी, आणि थंड गाडी सुरू करतानाचा अर्ध्या मिनिटाचा आवाज व्हॉट्सॲपवर पाठवला तर बहुतेक वेळा योग्य डबा, रबर आणि गॅसकेट आधीच मागवून ठेवता येतात. डिझेल बीएस-६ गाडी असेल तर डॅशबोर्डवर डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागलाय का तेही कळवा. त्या गाडीची लाइन आम्ही स्कॅनर लावल्याशिवाय सोडत नाही.