मेतेखी आणि म्त्सखेता: देमेत्रे राजाच्या मागावर

जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, मेतेखीच्या कड्यावर जो तो घोड्यावरच्या पुतळ्यासमोर फोटो काढतो. पुतळा वाख्तांग गोर्गासालीचा, पाचव्या शतकातल्या राजाचा. पण त्यामागचं चर्च दुसऱ्या देमेत्रेच्या काळातलं, तेराव्या शतकाच्या अखेरचं. मंगोलांचा अंमल असताना उभं राहिलेलं! आम्हाला तेच बघायचं होतं.

देमेत्रे १२७० मध्ये गादीवर बसला तेव्हा पोरगेलाच होता. राज्य नावाला त्याचं. कर भरायचा इलखानांना, म्हणजे इराणच्या मंगोल राज्यकर्त्यांना, आणि त्यांच्या लढायांना माणसंही पुरवायची. १२८१ मध्ये सीरियातल्या होम्सला इजिप्तच्या मामलुक सुलतानांशी लढायला जॉर्जियन फौजही गेली होती. इलखान अर्घूनचा बडा सरदार बुका याच्या घराशी देमेत्रेने सोयरीक केली आणि तीच अंगाशी आली. बुकाचा अर्घूनविरुद्धचा कट फुटला, देमेत्रेला बोलावणं आलं. दरबारी म्हणाले, डोंगरात निघून जा. पण आपण पळालो तर सूड रयतेवर निघेल, हे ओळखून तो गेला. १२ मार्च १२८९ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. पुढे चर्चने त्याला संत ठरवलं. हयातीत मात्र तीन बायका केल्या म्हणून बोल लावले होते. मला तो त्यामुळेच जास्त खरा वाटतो.

मेतेखीला अवलाबारी मेट्रो स्थानकावरून चालत उतरा. चर्च आतून लहान आणि अंधारं आहे, पण घाई करू नका. रशियन काळात या कड्यावर तुरुंग होता, आज त्याचा मागमूस नाही.

देमेत्रेला पुरलं म्त्सखेता या जुन्या राजधानीतल्या स्वेतित्सखोवेली कॅथेड्रलमध्ये. दिदुबे मेट्रोबाहेरून मार्शुत्का, म्हणजे तिथली वडाप, मिळते. अंतर साधारण वीस किलोमीटर. आत फरशीवर नजर ठेवून चाला, पायाखाली राजघराण्यातल्यांच्या समाध्या आहेत. बायकांनी ओढणी जवळ ठेवावी, पुरुषांनी हाफपँट टाळावी. रविवारी सकाळी प्रार्थनेची गर्दी असते. निवांत बघायचं तर आडवार गाठा. समोरच्या टेकडीवरच्या ज्वारी नावाच्या मठाला टॅक्सीच करा, आणि थांबण्यासकट भाडं आधीच ठरवा.

शाकाहारींची चिंता नको: मातीच्या भांड्यातला लोबिओ, म्हणजे राजमाच, आणि सोबत म्चादी ही मक्याची भाकरी मागवा. परतीची मार्शुत्का भरली असेल तर पुढचीची वाट बघा, उभ्याने येऊ नका.