हशासाठी किती थांबायचं?

सत्तरचं दशक संपत आलं होतं. 'चिमणराव गुंड्याभाऊ'मुळे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे घराघरांत पोचले होते. वरळीच्या दूरदर्शन केंद्रात विनोदी मालिका करायची म्हटली की बोलावणं नाटकवाल्यांनाच यायचं. तसं मलाही आलं. काम होतं चाळीतल्या फटकळ बायकोचं.

स्टुडिओत यंत्रांसाठी एसी. त्यामुळे तालमीला शाल पांघरायची आणि दिवे लागले की तिथंच घाम पुसायचा. पांढरी साडी नेसायची नाही, कॅमेऱ्यात चकाकते, अशी ताकीद होती. म्हणून मी लाल नेसून गेले. मागे पडदा हिरवा. चित्र कृष्णधवल, दोन्ही रंग सारखेच करडे. मॉनिटरवर पाहते तर माझं नुसतं मुंडकं आणि दोन हात फिरतायत! साडी बदलली.

प्रसंग असा: नवरा हप्त्यावर कपाट आणतो आणि ते खोलीत मावत नाही. मी चकली मोडत म्हणायचं, "आता कपाट खोलीत ठेवू, की खोली कपाटात?" शिवाजी मंदिर नाट्यगृहात हे वाक्य टाकलं असतं तर हशा ओसरेपर्यंत आरामात चकली चावता आली असती. इथं समोर तीन कॅमेरे आणि कानाला हेडफोन लावलेला, बोटांनी खुणा करणारा फ्लोअर मॅनेजर. वाक्य टाकलं की शांतता. वाटायचं, पडलं. नवऱ्याचं काम करणारे ज्येष्ठ नट म्हणाले, "मनात एक-दोन म्हण आणि पुढे जा. लोक हसतायत असं धरून चालायचं." धरून कसं चालणार? हशा लहान की मोठा, ते प्रेक्षक ठरवतात.

टेक सुरू झाला. त्या काळी टेप कापून जोडणं सोपं नव्हतं, अख्खा प्रसंग सलग घ्यायचा. वाक्य टाकलं आणि मधल्या कॅमेरामनला हसू आवरेना. आवाज नाही, पण खांदे हलले, त्याबरोबर कॅमेराही. वरून, नियंत्रण कक्षातल्या पॅनेलवरून निर्मातीबाईंचा आवाज आला, "पहिल्यापासून!" दिवसभरात मिळालेला एकमेव हशा, आणि त्यानंच टेक खाल्ला. बशीत आता अख्खी चकली उरली नव्हती. मोडकी बाजू तळहाताखाली लपवून मी पुन्हा उभी राहिले. यावेळी थांबलेच नाही, एका दमात दोन्ही वाक्यं म्हणून मोकळी झाले. तोच टेक ओके झाला.

प्रक्षेपणाच्या संध्याकाळी आमच्या चाळीतल्या एकुलत्या टीव्हीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. कपाटाच्या वाक्याला अशी खसखस पिकली की पुढचं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. शेजारच्या आजींनी मागे वळून विचारलं, "पुढं काय म्हणालीस गं?"

पुढचं वाक्य होतं, "आणि सासूबाईंना कुठल्या कप्प्यात?" आजींना खेटूनच माझ्या सासूबाई बसल्या होत्या.